बारगीर

जुलैमध्ये माझी शेवटची परीक्षा झाली. घोड्यावर बसायचं आणि बसवायचं सरकारमान्य प्रमाणपत्र आता माझ्याकडे आहे. आप्पांना फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "तीन वर्षं लागली गं बसायला शिकायला? तू तर चौथीत असताना बसत होतीस."

आप्पा माथेरानचे घोडेवाले. दस्तुरी नाक्याला गाड्या थांबतात, तिथून पुढे एकतर आपले पाय, नाहीतर घोडा. हल्ली ई-रिक्षाही आल्यात, पण त्या विषयावर आप्पांसमोर बोलायचं नाही. शाळा सुटली की मी घोड्याचा लगाम धरून शार्लोट लेकपर्यंत पर्यटक पोचवायचे आणि येताना रिकाम्या घोड्यावर, खोगीर असो-नसो, बसून यायचे. त्यामुळे आपल्याला घोड्यावर बसता येतं याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. ती शंका यायला मला जर्मनीला जावं लागलं.

बारावीनंतर पुण्यात एका रायडिंग क्लबमध्ये मदतनीस म्हणून लागले. घोड्याला खरारा करा, खोगीर घाला, लहान मुलांना गोल गोल फिरवा. तिथल्या कोचनी एकदा मोबाइलवर ड्रेसाजचा, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमक्या करून घ्यायच्या खेळाचा, व्हिडिओ दाखवला. मोकळं मैदान, एकटा घोडा, वर बसलेली बाई काहीच करत नाहीये, आणि घोडा मात्र जागच्या जागी नाचल्यासारखा पावलं उचलतोय. "ही काय करतेय?" मी विचारलं. "तेच तर," ते म्हणाले. हे शिकायला पैसे किती लागतात म्हणून शोधायला बसले, आणि शोधता शोधता कळलं की एका देशात हे शिकणाऱ्यालाच पैसे देतात.

आपल्याकडे आयटीआयमध्ये फिटर, वेल्डर असे ट्रेड असतात ना, तसा जर्मनीत घोड्याचा ट्रेड आहे. नाव 'फेर्डेविर्ट'. तीन वर्षांची उमेदवारी. एखाद्या तबेल्याशी रीतसर करार करायचा, तिथेच राहून काम करत शिकायचं, मधूनमधून काही आठवडे व्यवसाय शाळेत जायचं, आणि शेवटी परीक्षा. फी नाही, उलट दरमहा भत्ता. त्यात पाच शाखा आहेत: कुणी घोड्यांच्या पैदाशीचं शिकतं, कुणी शर्यतीच्या घोड्यांचं. ड्रेसाजवाल्यांसाठी जी शाखा आहे तिच्यात उड्याही माराव्या लागतात, दुसऱ्यांना शिकवावंही लागतं. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

जर्मन भाषेची बी-१ परीक्षा पास व्हायला मला दीड वर्ष लागलं. चाळीसेक तबेल्यांना ईमेल केले, त्यातल्या सहांनी उत्तर दिलं आणि दोघांनी व्हिडिओ मागवला. व्हिसा, तिकीट आणि एक जाड कोट यांत मामाकडून घेतलेले पैसे संपले. १ ऑगस्ट २०२२ला माझी उमेदवारी सुरू झाली.

पहिल्या तबेल्याबद्दल फार लिहीत नाही. चौदा घोड्यांची लीद मी एकटी काढायचे. करारात आठवड्याचे राइडिंगचे धडे लिहिलेले होते, पण साडेतीन महिन्यांत मिळाले दोन. तक्रार केली की "परदेशातून आलीस, आधी काम शिक." जे कुणी या वाटेला येऊ म्हणत असाल त्यांच्यासाठी एवढंच सांगते: करारातली पहिली जास्तीत जास्त चार महिन्यांची मुदत चाचणीची असते. त्या काळात दोन्ही बाजूंना कारण न देता मोकळं होता येतं. प्रत्येक करार तिथल्या शेती-चेंबरकडे, म्हणजे शेतीच्या धंद्यांच्या अधिकृत संस्थेकडे, नोंदलेला असतो, आणि उमेदवारांसाठी त्यांचा एक सल्लागार असतो. मी त्याला फोन केला तेव्हा माझं जर्मन भीतीने पार कोलमडलं होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि तीन तबेल्यांची नावं दिली. परदेशी उमेदवाराला तबेला बदलताना राहण्याच्या परवान्याच्या कार्यालयातही खेटे घालावे लागतात, ते घातले. नोव्हेंबरच्या शेवटी दोन बॅगा घेऊन पश्चिम जर्मनीत म्युन्स्टरलँडमधल्या एका शेतावर उतरले. धुकं इतकं की समोर तबेला आहे हे मला वासावरून कळलं.

इथल्या मालकीणबाई साठीच्या, रीतसर 'माइस्टर', म्हणजे उस्तादाची, परीक्षा पास झालेल्या. बोलणं कमी. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द म्हणजे 'नोखमाल', म्हणजे पुन्हा. पायाची पट्टी घोट्याजवळ एक बोट सैल राहिली तर नोखमाल. तबेल्यातली गल्ली झाडून झाल्यावर कोपऱ्यात चार काड्या राहिल्या तर नोखमाल. पहिल्या दिवशी मला एका घोडीवर बसवलं, दोन फेऱ्या बघितल्या, आणि म्हणाल्या, "तू खुर्चीत बसली आहेस."

मला वाटलं, कौतुक आहे.

खुर्चीची बैठक हा त्यांच्याकडे चक्क दोषाचं नाव आहे: ढुंगण मागे, गुडघे वर, पाऊल पुढे. माथेरानच्या उतारावर आप्पांनी मला हेच शिकवलं होतं. लाल माती, सुटे धोंडे, घोडा खाली उतरतोय. तेव्हा मागे रेल, पाय पुढे घाल, नाहीतर मानेवरून पुढे जाशील. तिथे ते बरोबरच होतं. पण ड्रेसाजमध्ये कान, खांदा, कंबर आणि टाच एका ओळंब्यात हवीत, कारण घोड्याला सूचना जाते ती बैठकीतूनच. मी पाच-सहा हजार वेळा उतार उतरले असेन, आणि ते सगळे उतार माझ्या कमरेत साठून राहिले होते.

ते काढायला पाच महिने लागले. रोज वीस मिनिटं लाँजवर. म्हणजे मालकीणबाई मध्ये उभ्या, त्यांच्या हातात लांब दोरी, दोरीच्या टोकाला घोडा, आणि घोड्यावर मी. लगाम नाही, रिकीब नाही. घोडा दुडक्या चालीने गोल फिरतोय आणि माझे दोन्ही हात विमानासारखे पसरलेले. दुडकी चाल काय असते हे ज्यांनी पर्यटक म्हणून घोड्यावर बसून अनुभवलंय त्यांना सांगायला नको, आतडी हलतात. घट्ट धरून बसावं म्हटलं की आणखी उडायला होतं. मांडीची आतली कातडी सोलवटली. जिना उतरताना मी आडवी उतरायचे, आणि बरोबरची उमेदवार मुलगी मला खेकडा म्हणायची.

त्यांच्या शिकवणीची सहा पायऱ्यांची एक शिडी आहे, पाठच करावी लागते. पहिली पायरी ताल. साध्या चालीत चार ठोके, दुडकीत दोन, कँटरमध्ये, म्हणजे त्याहून वेगाच्या चालीत, तीन. तो बिघडला की पुढचं सगळं बिघडलं. माथेरानच्या मुलीला टापांचा ताल शिकवायची गरज नव्हती, अंथरुणात पडल्या पडल्या टापा ऐकून मी कुठला घोडा आला ते ओळखायचे. अडली ती दुसऱ्या पायरीवर. शब्द आहे 'लोसगेलासनहाइट'. शब्दकोशात सैलपणा असा काहीतरी अर्थ सापडतो, पण तो पुरत नाही. घोडा ढिला पडलेला नसतो, झोपाळलेलाही नसतो. सगळे स्नायू काम करतायत, पण एकही विनाकारण ताणलेला नाही. गाणाऱ्याचा गळा 'मोकळा लागला' म्हणतो ना आपण, ते. घोडा मोकळा लागला की नाकातून फुर्र करतो, शेपूट घड्याळाच्या लंबकासारखी हलायला लागते. आणि स्वार मोकळा नसेल तर घोडा तसा कधीच लागत नाही. हे मला कळलं एका मार्चच्या सकाळी. नाक गळत होतं, रुमाल खिशात नव्हता, हात पसरलेले. सगळं लक्ष नाकावर आणि क्षणभर मी मांड्या आवळायची विसरले. घोडीने फुर्र केलं. मालकीणबाई म्हणाल्या, "आत्ता काय केलंस?" मी म्हटलं, "काही नाही." त्या म्हणाल्या, "नोखमाल."

मग मला ओपावर बसायची परवानगी मिळाली. ओपा म्हणजे आजोबा. कागदावर त्याचं नाव वेगळं होतं, पण वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याला सगळे ओपाच म्हणायचे. एके काळी ग्राँ प्री, म्हणजे ड्रेसाजची सगळ्यात वरची पातळी, खेळलेला, म्हणजे सगळं येणारा घोडा. मला वाटलं, हुशार घोडा आहे, बसलं की आपोआप करेल. केलंच त्याने. मला नुसतं पुढे चालायचं होतं, पण एवढा किमती घोडा म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. पोटऱ्या आवळल्या, श्वास रोखला, पाठ ताठ. ओपाने कान मागे करून ऐकलं, मागचा भाग खाली घेतला आणि जागच्या जागी दुडकायला लागला. पियाफ! पुण्यात त्या मोबाइलवर बघितला होता तोच. ग्राँ प्रीच्या स्पर्धेत बारा ते पंधरा पावलं करायची असतात, माझी तीस झाली असतील, कारण थांबवायचं कसं ते मला माहीत नव्हतं. मालकीणबाईंना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पुढच्या आठवड्यात कँटरला माझी कंबर डावी-उजवी डगमगत होती, तर प्रत्येक डगमगीला ओपा पुढचा पाय बदलत गेला. लोक वर्षानुवर्षं घासून जो पायबदल बसवतात तो मी चुकून अकरा वेळा केला. ओपा म्हणजे आरसा होता, आणि आरशावर रागावता येत नाही.

मैदानाच्या कडेला अक्षरं असतात: ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. हा क्रम असाच का, याचं पटेल असं कारण कुणाकडे नाही. जर्मन मुलांची पाठ करायची त्यांची वाक्यं आहेत. मी माझं केलं: आजी-काकू एकदा हसल्या, चहात माशी बुडून फसली. परीक्षेला मैदानात शिरताना मी हे पुटपुटते. शेजारच्या मुलीला वाटतं मंत्र आहे. मी तसंच वाटू दिलंय.

पैशाचं सगळे विचारतात, म्हणून सांगते. पहिल्या वर्षी राहणं, जेवण, विमा कापून हातात साधारण साडेचारशे युरो पडायचे. रविवारी घोड्यांची चंदी चुकत नाही, त्यामुळे एक आड एक रविवार कामाचा. शिवाय रोज काय शिकलो ते वहीत लिहायचं, ती वही नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. माझ्या वहीत पहिले दोन महिने 'गल्ली झाडली' हे वाक्य एकूण एकेचाळीस वेळा आहे.

२६ सप्टेंबर २०२३ला हांगचौच्या एशियाडमध्ये भारताच्या संघाने ड्रेसाजचं सुवर्ण घेतलं: सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला. २०९.२०५ गुण, चीन दुसरा. घोडेस्वारीतलं सुवर्ण ४१ वर्षांनी. मी चंदीच्या खोलीत ओटच्या पोत्यावर बसून फोनवर बघत होते. मालकीणबाई आत आल्या, काय झालं विचारलं, आणि मग म्हणाल्या, "म्हणजे आता तुमच्याकडे काम असेल." त्यातला अनुष कोलकात्याचा, सतराव्या वर्षी जर्मनीत आला, माझ्या तबेल्यापासून फार लांब नाही अशा पाडरबोर्नच्या परिसरात हुबर्टुस श्मिट यांच्याकडे शिकला. पुढच्या वर्षी पॅरिसला, व्हर्सायच्या मैदानात, तो ऑलिम्पिकच्या ड्रेसाजमध्ये उतरलेला पहिला भारतीय झाला. ६६.४४४ टक्के मिळाले, पुढची फेरी नाही. त्या चौघांची वाट वेगळी हे मला माहीत आहे. चांगला घोडा विकत घ्यायला किंवा हाताशी मिळवायला घरचं पाठबळ लागतं. माझी वाट मागच्या दाराची, ढकलगाडीसकट.

पण मागच्या दारातूनही लोक आलेत. इंग्लंडची शार्लट डुजार्डिन ड्रेसाजमधल्या नावाजलेल्या कार्ल हेस्टरच्या तबेल्यात नोकरीला होती. व्हॅलेग्रो हा घोडा तिचा नव्हता. तिने तो तरुणपणी तयार करायचा आणि मग हेस्टरने खेळवायचा असं ठरलेलं, पण त्यांचं दोघांचं इतकं जमलं की तो तिच्याकडेच राहिला. लंडन, रिओची सुवर्णं, आणि डिसेंबर २०१४मध्ये फ्रीस्टाइलला, म्हणजे संगीतावरच्या फेरीला, ९४.३ टक्क्यांचा विक्रम. माझ्या कपाटाच्या दाराला तिचं चित्र होतं. जुलै २०२४मध्ये, ऑलिम्पिकच्या तोंडावर, शिकवणी चालू असताना ती घोड्याच्या पायांवर चाबूक मारतेय असा जुना व्हिडिओ बाहेर आला. तिने माघार घेतली, नंतर वर्षाची बंदी आली. त्या दिवशी तबेल्यात कुणी मोठ्याने बोललं नाही. संध्याकाळी मालकीणबाईंनी आम्हा तिघी उमेदवारांचे चाबूक गोळा करून खोगीरखोलीत टांगले आणि दोन आठवडे हात लावू दिला नाही. मी चित्र काढलं. फेकवलं नाही, वहीत ठेवलं.

आता फ्लोबद्दल. फ्लो म्हणजे पिसू. चार वर्षांची काळीभोर घोडी, नावाप्रमाणे एका जागी न ठरणारी. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ती माझ्याकडे दिली. पाठीवर पहिल्यांदा वजन घेतलं ते माझं. छत्री, ट्रॅक्टर, स्वतःची सावली, सगळ्याला बुजायची. चौदा महिने मी तिला रोज हात लावला. सरळ रेषेत चालणं म्हणजे काय हे ती आणि मी एकदमच शिकलो. एका मंगळवारी सकाळी परक्या नंबरप्लेटची ट्रेलर गाडी अंगणात उभी होती. मालकीणबाई म्हणाल्या, "पायांना प्रवासाच्या पट्ट्या बांध. दुपारपर्यंत हॉलंडला जायचंय तिला." तबेला यावरच चालतो, तयार करायचे आणि विकायचे. करारावर सही करताना हे मला सांगितलेलं होतं. चारही पट्ट्या बांधल्या. त्या दिवशी त्यांनी नोखमाल म्हटलं नाही.

रात्री आप्पांना फोन केला. रडताना नाक ओढू नये म्हणून मी तोंड पांघरुणात घातलं होतं, पण त्यांना कळलं. म्हणाले, "शाळेत इतिहासात होतं ना तुझ्या? शिलेदार आणि बारगीर. शिलेदाराचं घोडं त्याचं स्वतःचं. बारगिराला सरकारच्या पागेतलं मिळायचं. आज हे, उद्या ते. लढायचं मात्र दोघांनीही." मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही तर शिलेदार. तुमचे घोडे तुमचे." तर म्हणाले, "माझ्या घोड्यावर मी कधी बसतो गं? मी धरून चालतो."

परीक्षेचं थोडक्यात. ड्रेसाज बरं गेलं. उडीला एक दांडा पडला. शिकवण्याच्या तासाला समोरच्या मुलाला मी घाबरून 'आरामात बस रे' असं मराठीत म्हटलं, आणि तो खरंच आरामात बसला. घोडा कुणाचा होता? ज्याचा असतो त्याचाच. आता त्याच तबेल्यात पगारी नोकरी आहे, बेराइटर, म्हणजे घोडे तयार करणारी. २०२५मध्ये इथलं किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं, आणि माझं त्याच्या फार वर नव्हतं. यात कुणी श्रीमंत झाल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

दिवाळीला माथेरानला गेले. आप्पांची बिजली आता बारा वर्षांची आहे. नऊ वर्षं तिच्या पाठीवर रोज नवीन माणूस. कुणी लगामाला लोंबकळतो, कुणी टाचा मारतो, कुणी ओरडतो. तोंड दगडासारखं, कुशी बधिर. सकाळी धंदा सुरू व्हायच्या आधी मी तिच्यावर बसले आणि जर्मनीत शिकलेलं सगळं करून बघितलं. बिजली ढिम्म. रस्ता पाठ असल्यासारखी शार्लोट लेककडे निघाली. मी प्रयत्न सोडून दिला, लगाम हलका धरला आणि नुसती बसले. तिच्या चार ठोक्यांबरोबर कंबर जाऊ दिली. बाजाराच्या पुढच्या वळणावर तिचा डावा कान मागे वळला. श्वास सोडून पाठ किंचित थांबवली, आणि ती थांबली. लगाम न ओढता. कुणी तरी आपल्याशी बोललं आणि ते कोण ते कळत नाहीये, अशी उभी राहिली. मग फुर्र केलं.

मागून आप्पा चालत येत होते. त्यांनी बघितलं. काहीतरी बोलतील म्हणून मी मान वळवली.

"उतर," ते म्हणाले, "गिऱ्हाईक आलंय."

ठाण्याचे एक काका होते, नव्वदेक किलोचे, हातात चिक्कीचं पाकीट. मी उतरले, रिकिबीचे पट्टे त्यांच्या मापाने तीन भोकं सैल केले आणि बिजलीचा लगाम आप्पांच्या हातात दिला.